चेंडू थांबतो तेव्हा मुलांना काय शिकवायचं?

९ ऑक्टोबर २०१७. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकात भारत कोलंबियाविरुद्ध खेळत होता आणि एका गोलने मागे होता. ८२व्या मिनिटाला भारताला कॉर्नर मिळाला. संजीव स्टॅलिनने चेंडू गोलसमोर उचलून दिला, मणिपूरच्या जीक्सन सिंगने तो डोक्याने जाळ्यात घातला आणि फिफाच्या विश्वचषक स्पर्धेतला भारताचा पहिला गोल झाला. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला आणि बरोबरीत आलेला सामना भारताने १-२ असा गमावला. ही दोन मिनिटं आपल्याकडे आधी अभिमानाने आणि मग हळहळीने आठवली जातात. मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्यांनी मात्र त्यांच्याकडे धडा म्हणून पाहायला हवं. चालत्या खेळात वरचढ असलेल्या संघाविरुद्धही थांबलेल्या चेंडूवरून गोल करता येतो, हा त्या धड्याचा एक भाग. आणि अशी चढाई चेंडू जाळ्यात गेल्यावरही संपलेली नसते, हा दुसरा.

कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन, पेनल्टी अशा प्रसंगी खेळ थांबतो आणि ठरलेल्या जागेवरून पुन्हा सुरू होतो. या सगळ्यांना मिळून सेट पीस म्हणतात. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये त्यांचं महत्त्व आता वादाचा विषय राहिलेलं नाही. २०१८च्या रशियातल्या विश्वचषकात झालेल्या १६९ गोलांपैकी ७३ गोल पेनल्टी धरून सेट पीसवरून आले. उपांत्य फेरी गाठणाऱ्या इंग्लंडच्या १२ गोलांपैकी ९ असेच होते. आर्सेनलने २०२३-२४च्या प्रीमियर लीगमध्ये केवळ कॉर्नरवरून १६ गोल केले. आता मोठे क्लब यासाठी स्वतंत्र प्रशिक्षक नेमतात. हे आकडे पाहून शाळेच्या आणि अकादमीच्या मैदानांवर जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र मला चुकीचा वाटतो. चार-पाच डावपेच कागदावर काढायचे, कुणी कुठे धावायचं ते ठरवून द्यायचं, मुलांकडून ते घोकून घ्यायचं आणि सामन्यात हात वर करून आकडा ओरडायचा, अशी ही पद्धत. यातून एखादा गोल मिळेलही. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सेट पीस शिकवण्याचं खरं कारण वेगळं आहे. मैदानावर पाहायचं कसं, निवडायचं कसं आणि साथीदाराशी जुळवून घ्यायचं कसं, हे शिकवायला खेळात याहून चांगली जागा नाही.

याचं कारण खेळाच्या रचनेतच आहे. चालत्या खेळात मुलाला सगळं एकाच वेळी करावं लागतं. अंगावर येणारा चेंडू ताब्यात घ्यायचा, प्रतिस्पर्ध्याला चुकवायचं, मान वर करून साथीदार शोधायचा आणि त्याच क्षणी निर्णयही घ्यायचा. नवशिक्या मुलाचं सारं लक्ष पायातल्या चेंडूवर असतं. त्यामुळे मैदान पाहायचं राहूनच जातं. सेट पीसमध्ये चेंडू स्थिर असतो. कॉर्नरला आणि फ्री किकला प्रतिस्पर्ध्याने नियमानुसार ९.१५ मीटर दूर राहायचं असतं, थ्रो-इनला किमान २ मीटर. पाहायला, बोलायला आणि विचार करायला मुलाला काही सेकंद मिळतात. फुटबॉलमध्ये एवढी उसंत दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी मिळत नाही. ती उसंत प्रशिक्षकाच्या आज्ञेने भरून टाकली, तर मुलाच्या वाट्याला पाठांतर येतं. पाढे पाठ असलेल्या मुलाला दुकानात उरलेले पैसे मोजताना अडखळायला होतं, तशी मग या मुलांची सामन्यात गत होते. समोरचा संघ सरावातल्यासारखा उभा राहिला नाही की पाठ केलेला डाव तिथेच संपतो.

कॉर्नरचंच उदाहरण घेऊ. ६८ मीटर रुंदीच्या मैदानावर झेंड्यापासून जवळच्या गोलपोस्टपर्यंतचं अंतर तीस मीटरांहून थोडं जास्त भरतं. बारा वर्षांच्या बहुतेक मुलांना एवढ्या लांबवर चेंडू उचलून, तोही अचूक, मारता येत नाही. तरी टीव्हीवर पाहिलेलं म्हणून सगळे गोलसमोर गर्दी करतात, किक जेमतेम पहिल्या बचावपटूपर्यंत पोचते आणि संधी वाया जाते. याच जागी छोटा कॉर्नर शिकवून पाहा. झेंड्याजवळ दोन मुलं उभी करायची. बचावातला एकच जण त्यांच्याकडे आला तर तिथे दोनास एक असा सामना आहे. मग पास द्यायचा, पुन्हा घ्यायचा आणि गोलच्या दिशेने आत घुसायचं. बचावातले दोघं आले तर गोलसमोरचे दोन बचावपटू कमी झाले, तेव्हा चेंडू आत द्यायचा. कुणीच आलं नाही तर चेंडू घेऊन सरळ पुढे जायचं. हा डाव पाठ करण्याची गरज नसते. समोर किती जण आले ते मोजायचं आणि त्यावरून ठरवायचं. दहा वर्षांचं मूलही हे करू शकतं.

याच छोट्या कॉर्नरमधून नियमही समजतात आणि ते नुसते तोंडी सांगण्यापेक्षा पक्के बसतात. कॉर्नरवरून थेट मिळालेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो, हे अनेक मुलांना ठाऊक असतं. पण कॉर्नर घेणारा पास देऊन झेंड्यापाशीच रेंगाळला, दरम्यान बचावपटू पुढे सरकले आणि साथीदाराने चेंडू त्याला परत दिला, तर तो ऑफसाइड ठरू शकतो. एकदा पंचाचा झेंडा वर गेला की पास दिल्यावर लगेच मैदानात यायचं हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. फ्री किकचंही तसंच. पंचाचा हात वर असेल तर ती अप्रत्यक्ष फ्री किक आहे. चेंडू दुसऱ्या कुणाला न लागता जाळ्यात गेला तर गोल मिळत नाही, समोरच्या संघाला गोल किक मिळते. पंचाने थांबायला सांगितलं नसेल तर शिट्टीची वाट पाहण्याचीही गरज नसते. समोरचे वाद घालत असताना किंवा पाठ फिरवून चालत असताना फ्री किक झटपट घेता येते. नियम नीट कळलेल्या मुलाला मैदानावर इतरांपेक्षा जास्त पर्याय दिसतात.

पाहण्याची ही सवय किती मोठं काम करू शकते, ते ७ मे २०१९ रोजी लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड मैदानावर दिसलं. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पहिला सामना ०-३ असा हरलेल्या लिव्हरपूलने बार्सिलोनावर तीन गोल चढवून बरोबरी साधली होती. ७९व्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला. वीस वर्षांचा ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड चेंडूपासून दूर निघाला, जणू किक दुसराच कुणी घेणार होता. बार्सिलोनाचे बचावपटू चेंडूकडे पाहत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. तो चटकन मागे वळला आणि त्याने चेंडू आत मारला. तिकडे डिव्होक ओरिगी सावध होता. त्याने गोल केला आणि लिव्हरपूल अंतिम फेरीत गेलं. या गोलमागे ठरवलेला आकडा किंवा खुणेचा हात नव्हता. एकाने पाहिलं, दुसरा तयार होता. फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासातला बहुधा सर्वांत गाजलेला कॉर्नर निरीक्षणातून आला, ही गोष्ट मुलांना शिकवणाऱ्याने विसरू नये.

यावर कुणी विचारेल, की मग इंग्लंडने २०१८ साली जे केलं ते काय होतं? ते तर पक्कं ठरवलेलं होतं. खरं आहे. पनामाविरुद्ध कॉर्नरच्या वेळी इंग्लंडचे खेळाडू एकामागे एक रांगेत उभे राहिले आणि किक घेताच वेगवेगळ्या दिशांना फुटले. प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी अमेरिकेतल्या बास्केटबॉलमधल्या हालचालींवरून धडे घेतले होते, असं तेव्हा बरंच लिहिलं गेलं. पण रांग हे बाहेरचं रूप झालं. तिच्यामागची तत्त्वं साधी आहेत. जवळजवळ उभ्या असलेल्या चौघांना धरून ठेवणं बचावपटूंना जमत नाही. धाव कुठे जाणार हे शेवटच्या क्षणापर्यंत कळू द्यायचं नाही. पहिल्या पोस्टकडे एक जण वेगाने गेला की त्याच्यामागे मधली जागा मोकळी होते. उभं राहून चेंडूची वाट पाहणाऱ्यापेक्षा धावत येणारा आधी पोचतो. मुलांना रांग पाठ करून देण्यापेक्षा ही तत्त्वं सांगावीत आणि मग तीन-चार जणांच्या गटाला स्वतःची हालचाल रचू द्यावी. तेरा-चौदा वर्षांची मुलं हे उत्साहाने करतात आणि स्वतः रचलेली हालचाल विसरत नाहीत. त्यातच प्रामाणिकपणाचा धडाही देता येतो. आपल्या जागेवर उभं राहण्याचा हक्क प्रत्येक खेळाडूला आहे. पण चेंडू खेळण्याच्या टप्प्यात नसताना प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत मुद्दाम सरकून त्याला अडवणं हा गुन्हा आहे. मोठ्यांच्या सामन्यांत गोलरक्षकाभोवती चालणारी ढकलाढकली मुलांना डावपेच म्हणून शिकवू नये. धावून जागा मिळवायला शिकलेल्या खेळाडूला ओढाताणीची गरज पडत नाही.

कॉर्नर आणि फ्री किक डोळ्यांत भरतात, पण सर्वांत जास्त वेळा येणारा सेट पीस म्हणजे थ्रो-इन. मोठ्यांच्या एका सामन्यात चाळीसच्या आसपास थ्रो-इन होतात, तरी सरावात त्याला क्वचितच जागा मिळते. डेन्मार्कचे थॉमस ग्रोनेमार्क यांनी हीच उणीव ओळखली. लिव्हरपूलने २०१८ साली त्यांना खास थ्रो-इनसाठी बोलावलं, तेव्हा अनेकांना हसू आलं होतं. लांब फेकीइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, त्यांनी वेगवान आणि हुशार फेकीला महत्त्व दिलं. मुलांच्या दृष्टीने त्यांचा विचार फार उपयोगी आहे, कारण त्यात ताकदीची अट नाही. दोन्ही पाय जमिनीवर, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यामागून आणि डोक्यावरून, एवढा नियम पाळला की उरतो तो साथीदारांच्या हालचालीचा प्रश्न. एकाने चेंडूकडे यायचं, त्याने मोकळ्या केलेल्या जागेत दुसऱ्याने जायचं, आणि फेकणाऱ्याने त्यांपैकी कोण मोकळा आहे ते पाहायचं. थ्रो-इनवरून थेट मिळालेल्या चेंडूवरही ऑफसाइड नसतो. त्यामुळे एक जण बचावफळीच्या मागे उभा राहिला तरी चालतं. आठवड्याला दहा मिनिटं दिली तरी संघाच्या खेळात फरक दिसू लागतो.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा आहे. आठवड्याला दोन-तीन सत्रं, एका मैदानावर चार संघ आणि मुलांना अजून चेंडू नीट थोपवता येत नाही. अशा वेळी सेट पीसवर वेळ घालवणं म्हणजे पाया सोडून कळस चढवणं नव्हे का? वीस मुलं उभी आहेत, एक जण कॉर्नर मारतोय आणि दोघंच चेंडूला स्पर्श करतायत, असा सराव असेल तर हा आक्षेप मान्य करावाच लागेल. तसा सराव बंदच व्हावा. पण सेट पीससाठी वेगळा तास काढण्याची गरज नाही. पाचास पाच किंवा सातास सात असे छोटे सामने प्रत्येक सत्रात होतातच. त्यांत चेंडू बाहेर गेला की प्रशिक्षक सवयीने नवा चेंडू आत फेकतो. त्याऐवजी दर वेळी खरा थ्रो-इन, खरा कॉर्नर, खरी फ्री किक घ्यायला लावावी आणि चेंडू पुन्हा कुठे पोचला ते पाहावं. अधूनमधून दोन मिनिटं खेळ थांबवून विचारावं, की तुला काय दिसलं, तू काय निवडलंस, आणखी काय करता आलं असतं? अचूक किक, पहिला स्पर्श, धावण्याची वेळ ही मूलभूत कौशल्यंच यात घोटली जातात. चालत्या खेळाला आणि सेट पीसला एकमेकांचे शत्रू मानण्याचं कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी प्रशिक्षकाचा. संघात एक उंच, थोराड मुलगा आहे. चेंडू त्याच्या डोक्यावर द्यायचा आणि गोल मिळवायचा, मग एवढा खटाटोप कशाला? या वयात हे चालतं, म्हणूनच ते फसवं आहे. मुलांमध्ये उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण तेरा-चौदाच्या आसपास येतो, मुलींमध्ये त्याच्या दोनेक वर्षं आधी. पण तो सगळ्यांना एकाच वेळी येत नाही. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीरात दोन-तीन वर्षांचं अंतर दिसू शकतं. लवकर वाढलेला मुलगा तेराव्या वर्षी सगळ्यांच्या वरून चेंडू घेतो आणि सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात. तोवर त्याला धाव कधी सुरू करायची हे शिकण्याची गरजच पडलेली नसते आणि उशिरा वाढलेल्या मुलाला चार वर्षं पेनल्टी एरियाच्या बाहेर उभं केलेलं असतं. म्हणजे या डावात दोघांचंही नुकसान होतं. जीक्सन सिंग उंच होता, हे खरं. पण नुसती उंची कॉर्नरवर गोल करत नाही. योग्य जागी, योग्य क्षणी पोचावं लागतं. म्हणून सरावात प्रत्येक मुलाने प्रत्येक भूमिका करायला हवी. किक घ्यायची, पहिल्या पोस्टकडे धावायचं, परतलेल्या चेंडूसाठी बाहेर थांबायचं आणि मागे राखणही करायची.

तिसरा प्रश्न सुरक्षेचा आहे आणि तो आक्षेपाहून गंभीर आहे. २०१९ साली ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूची झीज करणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्य लोकांच्या सुमारे साडेतीन पट आढळलं. हा अभ्यास प्रौढ व्यावसायिकांचा होता आणि कारण हेडिंगच आहे असं त्यातून सिद्ध झालं नाही. तरीही सावधगिरीला एवढं कारण पुरेसं होतं. त्याआधीच अमेरिकेच्या संघटनेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं होतं आणि त्यापुढच्या तीन वर्षांच्या वयोगटासाठी सरावात मर्यादा घातली होती. फेब्रुवारी २०२०मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून हेडिंग वगळण्याची सूचना दिली. आपल्या प्रशिक्षकांनीही लहान गटांत हीच शिस्त पाळावी. त्याने सेट पीसचं शिक्षण थांबत नाही, उलट सुधारतं. हेडर वगळला की जमिनीवरून खेळलेला छोटा कॉर्नर, पेनल्टी एरियाच्या कडेला मागे दिलेला पास, पहिल्या पोस्टकडे कमरेच्या उंचीने सोडलेला चेंडू असे पर्याय उरतात आणि ते सगळे अचूकता मागतात. मोठ्या गटांत हेडर शिकवायचाच, तर हलक्या चेंडूने, मोजक्या वेळा आणि योग्य तंत्राने.

चौथा आक्षेप आपल्या परिस्थितीतला आहे. आपल्याकडच्या अनेक शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. एक सामना हरला की वर्ष संपलं. कोल्हापूरसारख्या शहरात तर पेठेपेठेत आणि तालमीतालमीत फुटबॉलची ईर्षा असते आणि ती लहान मुलांपर्यंत झिरपते. अशा वेळी कच्च्या मुलाला कॉर्नर घ्यायला लावण्याची चैन कुठल्या प्रशिक्षकाला परवडेल? हा ताण खोटा नाही आणि तो एकट्या प्रशिक्षकाने सोसावा असं म्हणणंही अन्यायाचं होईल. बाद सामन्यात जो सर्वांत चांगला मारतो त्याने किक घ्यावी, त्यात काही वावगं नाही. पण सराव, मैत्रीपूर्ण सामने आणि साखळी सामने इथे भूमिका फिरत राहिल्या पाहिजेत. आयोजकांनीही लहान गटांत बाद फेऱ्यांऐवजी साखळी सामने वाढवावेत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ साली गोल्डन बेबी लीग सुरू केली, तीही लहान मुलांना लहान संघांत भरपूर सामने मिळावेत म्हणूनच. २०१७च्या त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. या मातीतून विश्वचषकापर्यंत मूल पोचू शकतं हे त्याने दाखवलं आहे. तेव्हा मुलांची तयारी कुठल्या पल्ल्याची करायची, एका करंडकाची की पुढच्या दहा वर्षांची, हे शाळांनी, क्लबांनी आणि पालकांनी मिळून ठरवायला हवं.

शेवटी मुद्दा मोजमापाचा. व्यावसायिक फुटबॉलमध्येसुद्धा शंभर कॉर्नरमागे जेमतेम तीन-चार गोल होतात. मुलांच्या सेट पीसची परीक्षा केवळ गोलवर घेतली तर जवळजवळ प्रत्येक प्रयत्न नापास ठरेल आणि मुलं धाडस करणं सोडतील. त्यापेक्षा प्रशिक्षकाने वेगळ्या गोष्टी टिपाव्यात. चेंडूला पहिला स्पर्श आपल्या खेळाडूचा झाला का? बचावपटूने बाहेर फेकलेल्या चेंडूवर आपलं कुणी होतं का? सगळे पुढे गेले असताना दोन-तीन जण मागे राखायला थांबले होते का? चेंडू गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत सगळे काय करत होते? आणि सर्वांत महत्त्वाचं, किक घेणाऱ्याने मान वर करून पाहिलं होतं का? ही उत्तरं महिन्यागणिक सुधारत गेली तर गोलही येतील. पण एखाद्या मोसमात ते आले नाहीत, तरी मुलांच्या हाती काहीतरी टिकाऊ लागलेलं असेल. बाहेरून कुणी ओरडून सांगण्याची वाट न पाहता मैदान वाचणारा खेळाडू घडवणं हे युवा प्रशिक्षणाचं काम आहे. त्यासाठी सामना स्वतःहून दर काही मिनिटांनी थांबून संधी देतो, आणि त्या प्रत्येक संधीला निर्णय मुलांच्या हाती सोपवण्याचं धैर्य प्रशिक्षकाने दाखवायला हवं.